उज्ज्वला साळवे आणि लाल शीट

उज्ज्वला गेल्याची बातमी आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली आणि तिच्याखाली पहिलं उत्तर पडलं ते "डन सर." पाठोपाठ आणखी एक "डन सर." मग दोन अंगठे. झालं होतं असं की प्राचार्यांनी थोड्याच वेळापूर्वी फर्मान काढलेलं, अंतर्गत परीक्षेचे मार्क संध्याकाळपर्यंत अपलोड करा आणि केल्याचं इथे कळवा. सगळे प्राध्यापक आज्ञाधारकपणे कळवत होते, आणि त्या रांगेत मध्येच उज्ज्वलाच्या नंबरवरून मेसेज आला. "नमस्कार. मी सिद्धार्थ, ताईचा भाऊ. ताई आज सकाळी गेली." वाचायला सवड कोणाला होती? नाव दिसलं उज्ज्वला साळवे, म्हणजे बाईंनीही मार्क भरले असणार, असं समजून मंडळी अंगठे दाखवून पुढे गेली. मी तेव्हा ठाण्यात खोपटच्या एसटी स्टँडसमोर मिसळ खात बसलेलो. मेसेज वाचला, खालचे अंगठे पाहिले, आणि काय सांगू, आधी हसूच फुटलं. ती असती तर आठवडाभर हेच सांगत फिरली असती. "बघ रे नाटक्या, माझं मरणही लोकांनी डन करून टाकलं." माझं हसू कधी संपलं ते कळलं नाही... समोरच्या अनोळखी माणसाने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला तेव्हा लक्षात आलं की मी रडतोय.

उज्ज्वला डोंबिवलीच्या आमच्या कॉलेजात बीएमएसच्या मुलांना अकाउंट्स शिकवायची. बीएमएस म्हणजे व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी. त्या पदवीचं नाव मध्यंतरी बदललं, पण मुलं, पालक आणि शिपाई सगळे अजून बीएमएसच म्हणतात. मी तिथेच मार्केटिंग शिकवतो, म्हणजे बोलतो. कॉलेजच्या वयात एकांकिका केल्या होत्या, त्याचा कंड अजून वर्गात शमवून घेतो, म्हणून तिने मला पहिल्याच महिन्यात नाटक्या हे नाव ठेवलं आणि ते शेवटपर्यंत बदललं नाही. मुलांसमोर मात्र "दीक्षित सर". ती कल्याणजवळच्या मोहन्याची. वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते, तो बंद पडला तेव्हा ही शाळेत होती की कॉलेजात, हे ती दर वेळी वेगळं सांगायची, कारण तिला त्या विषयावर बोलायचंच नसायचं. सुती साडी, खांद्याला मोठी कापडी पिशवी, आणि पिशवीत खडीसाखरेचा डबा. तोंडी परीक्षेला मुलगा बसला की आधी डबा पुढे. "घे. घाबरलास की तोंड कोरडं पडतं आणि आलेलं उत्तरपण घशात अडकतं." अर्थात खडीसाखर चघळून झाल्यावर ती जे विचारायची, त्याने भल्याभल्यांची तोंडं पुन्हा कोरडी व्हायची.

आमची खरी ओळख झाली ती ठाण्यातल्या एका कॉलेजात. तिथे आम्ही दोघं बाहेरचे परीक्षक म्हणून गेलेलो. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी प्रकल्प करायचा, बांधून आणायचा आणि त्यावर तोंडी परीक्षा द्यायची, अशी पद्धत आहे. बांधलेली सगळी पुस्तकं काळी, आतला मजकूर सगळ्यांचा जुळ्या भावंडांसारखा. एक उंच मुलगा बसला. विषय, एका शाम्पूबद्दल ग्राहकांचं समाधान. आभाराच्या पानावर त्याने भलत्याच कॉलेजच्या प्राचार्यांचे मनापासून आभार मानलेले. मी तिला कोपराने ढोसलं, पण ती त्या पानावर थांबलीच नाही.

"शंभर लोकांना विचारलंस म्हणतोस. कुठे भेटले?"

"ठाणे स्टेशनला, मॅम."

"पूर्वेला की पश्चिमेला?"

"दोन्हीकडे, मॅम. पन्नास-पन्नास."

"वा. त्यातल्या एकाबद्दल सांग. कोणीही. काय घातलेलं, काय म्हणाला, चिडला का?"

मुलगा छताकडे बघायला लागला. माझं लक्ष घड्याळाकडे, कारण बाहेर अख्खी रांग. शेवटी तो म्हणाला, "मॅम, खरं सांगू? एकपण भेटला नाही. सब घर पे बैठके भरा."

"हे आजचं पहिलं खरं उत्तर," ती मला म्हणाली, आणि त्याला म्हणाली, "खोपटला एसटी स्टँड आहे. जा, बसची वाट बघणाऱ्या लोकांना विचार, आणि परत ये. आम्ही बसलोय." आम्ही बसलोय म्हणताना तिने मला विचारलंही नव्हतं. सगळी रांग संपली, शिपायाने पंखे बंद केले, आणि तेव्हा ते पोरगं घामाने निथळत आलं. उत्साहाने इतकं फुललेलं की त्याला थांबवता येईना. एका आजोबांनी त्याला सांगितलेलं की मी टकला आहे, शाम्पूबद्दल माझं समाधान तू कसं मोजणार? "मॅम, हे तर माझ्या प्रश्नावलीत नव्हतंच," तो म्हणाला. उज्ज्वलाचा चेहरा तेव्हा कसा झालेला ते मी विसरणार नाही. उपाशी माणसासमोर ताट यावं तसा.

ही तिची भूक होती. पोराला आलं का? मार्क पडले का हा तिचा प्रश्नच नव्हता. आम्ही बाकीचे अभ्यासक्रम संपवायचो, ती मुलांना धरून विचारत बसायची. त्यामुळे मूल्यमापनाची नवी पद्धत आली तेव्हा स्टाफरूममध्ये सगळे कपाळ धरून बसले आणि ही एकटी खूश. पद्धत अशी की प्रत्येक विषयात मुलाला शेवटी नेमकं काय करता यायला हवं ते आधी लिहायचं. प्रत्येक प्रश्न त्यातल्या एका अपेक्षेला जोडायचा. मार्क भरले की कॉम्प्युटरवरची शीट सांगते, किती मुलांनी ती अपेक्षा गाठली. याला म्हणायचं अटेनमेंट. पुरेशांनी गाठली तर चौकोन हिरवा, अर्धवट असेल तर पिवळा, नाहीतर लाल. मी त्यावर भर मीटिंगमध्ये वाहतूक पोलिसाची नक्कल करून दाखवली, लोक हसले. उज्ज्वला हसली नाही. नंतर जिन्यात म्हणाली, "तू हसतोस, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा वरून कोणीतरी विचारतंय, की पोरांना आलं का. मला तर रडू आलं रे."

मंडळी, या पद्धतीवर माझ्या पाहण्यातल्या एकाच माणसाने खरा विश्वास ठेवला, आणि सगळं बिनसलं ते त्यामुळेच.

कारण बाकीच्यांची शीट पहिल्याच वर्षी हिरवीगार झाली. ते कसं करायचं हे सांगायला कार्यशाळेची गरज नव्हती. प्रश्न आधी वाटायचे, तेच परीक्षेला घालायचे आणि अंतर्गत मार्क सढळ हाताने द्यायचे. स्टाफरूममध्ये नवं क्रियापद तयार झालं. "तुझं हिरवं झालं का?" "कालच केलं." उज्ज्वलाने मात्र शेवटच्या वर्षाच्या मुलांना न सांगता एकच प्रश्न दिला, तोही पहिल्या वर्षाचा. घसारा. म्हणजे वापरून वापरून वस्तूची किंमत दरवर्षी थोडी कमी होते, ती झीज हिशेबात खर्च म्हणून धरतात, एवढंच. तिने लिहिलेलं, "तुमच्या ओळखीचे एक रिक्षावाले काका आहेत. रिक्षा नवी घेतली. तिच्यावर घसारा लावा आणि का लावला ते काकांना कळेल अशा भाषेत सांगा." पहिल्या वर्षी याच मुलांनी याच घसाऱ्यात भरघोस मार्क घेतले होते. आता कोणी रिक्षाच्या पेट्रोलचा खर्च लिहिला, कोणी इंग्रजी व्याख्या अर्धी आठवून सोडून दिली. एका मुलीने लिहिलं, "काका, तुम्ही सीएला विचारा." तिला उज्ज्वलाने अर्धा मार्क दिला, कारण तो सल्ला व्यवहार्य होता. बाकी पूर्ण शीट लाल.

या कामाचे समन्वयक पाटकर सर. तरुण, भला माणूस, दोन लहान मुलं, नोकरी अजून कायम झालेली नव्हती. तो तिच्यासमोर हात जोडून उभा राहिलेला मी पाहिलाय.

"मॅडम, लाल चालत नाही."

"चालत नाही म्हणजे? लाल आहे ते."

"समिती येणार आहे, मॅडम. तपासणीला. फक्त तुमचा विषय लाल. ते विचारतील ना, का म्हणून?"

"विचारू देत की. त्यासाठीच तर लाल रंग ठेवलाय ना?"

पाटकर माझ्याकडे बघायला लागला, जणू मी तिचा पालक आहे. शेवटी प्रकरण प्राचार्यांकडे गेलं. उज्ज्वलाने तिथे एकच मागणं मागितलं. एक सत्र द्या. हाच घसारा मी याच मुलांना पुन्हा शिकवते, पुन्हा विचारते, आणि येईल तो रंग तुम्ही समितीला दाखवा. प्राचार्य म्हणाले, "ठीक आहे. पण मॅडम, मग हिरवं हवं." त्या वेळी केबिनमधल्या आम्हा कोणालाच माहीत नव्हतं की त्याच आठवड्यात तिच्या पोटातल्या गाठीचा रिपोर्ट आलेला आहे. तिला माहीत होतं. डॉक्टरांनी लगेच दाखल व्हायला सांगितलं होतं, आणि ही बाई सत्र मागत होती. मला कळलं तेव्हा मी तिच्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "केमो घेत घेत शिकवेन. एकदा, फक्त एकदा, मला खरं हिरवं बघायचंय. नाहीतर एवढी वर्षं मी नक्की काय केलं रे?"

त्या सत्रात मी जे पाहिलं त्यावर हसावं की काय करावं हे अजून ठरत नाही. तिने लेखी काम दिलं, तर सगळ्यांनी एकच सुरेख उत्तर आणलं, मोबाइलला विचारून. "मोबाइलला घसारा आला," ती म्हणाली, "आता पोरांचं बघू." मग तिने नवी युक्ती काढली. प्रत्येकाने घरी कोणाला तरी घसारा समजावायचा, आणि ज्याला समजावला त्या माणसाने मॅडमना फोन करून तो सांगायचा. त्याला कळला असेल तर मार्क मुलाला. फोन यायला लागले. ती उपचार घेऊन आली की डोक्याला रुमाल बांधून स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसायची आणि फोन स्पीकरवर टाकायची. टिटवाळ्याहून एका आजींचा आला.

"मॅडम, आमचा नातू सांगतो, घरातला फ्रिज दरवर्षी थोडा थोडा मरतो. खरं का ओ?"

"खरं आहे, आजी."

"आणि पंखा?"

"तोपण."

"मग ह्यांनी हे आधी नाय का सांगायचं? मी उगाच पुसत बसते रोज."

उज्ज्वला इतकी हसली की ऑपरेशनच्या टाक्यांवर हात धरून बसली. त्या नातवाला पूर्ण मार्क. मग एका बाईंचा फोन आला, गोड, ठसठशीत आवाज. त्यांनी घसारा फार छान सांगितला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मुलाच्या आईचा फोन, तोही छान. पुढच्या मुलीच्या मावशीचा फोन तर इतका छान की उज्ज्वलाने डोळे बारीक केले.

"ताई, एक विचारू? तुम्हाला एकूण मुलं किती?"

बाई म्हणाल्या, "मॅडम, एकच आहे हो. बाकीचे त्याचे मित्र. म्हणाले, काकू, तुम्ही छान बोलता, आमच्यासाठीपण बोला ना."

मी टेबलावर डोकं ठेवून हसत होतो. उज्ज्वलाने त्यांना विचारलं, मग तुम्हाला समजावलं कोणी? बाई म्हणाल्या, कोणी नाही, पोरांनी कागदावर लिहून दिलेलं, मी वाचतेय. फोन ठेवल्यावर माझं हसू चालूच होतं, आणि वर बघतो तर ती भिंतीकडे तोंड करून बसलेली. खांदे हलत होते. "किती मेहनत घेतात रे," ती म्हणाली. "न शिकण्यासाठी किती मेहनत. यातल्या अर्ध्या मेहनतीत घसारा आला असता." मी काहीतरी विनोद केला. तो मला आता आठवत नाही, आणि तिनेही ऐकला नाही.

सत्राच्या शेवटी तिने पुन्हा तोच प्रश्न दिला. तोवर ती ठाण्याच्या हॉस्पिटलात दाखल झालेली होती. पेपर मी नेऊन दिले, तिने पलंगावर बसून तपासले आणि आकडे मी माझ्या लॅपटॉपवर भरले. शेवटचा आकडा भरला आणि चौकोन पिवळा झाला. लालचा पिवळा. मला ते एवढं मोठं वाटलं की मी वॉर्डात उठून मुजरा केला. तिने मान हलवली. "पिवळं म्हणजे अर्ध्यांना नाही आलं."

"अगं, अर्ध्यांना आलं ना."

"त्यातले पाठ केलेले किती? मला ओळखू येतात." मग स्वतःच्या हाताकडे बघून, सुई लावलेल्या, काळ्या पडलेल्या हाताकडे, म्हणाली, "माझ्यावर कुठल्या पद्धतीने घसारा लावलाय सांग. सरळ रेषेने की घटत्या शिलकीने?"

"मी मार्केटिंगवाला. मला काय कळतं?"

"सरळ रेषेने दरवर्षी सारखं कमी होतं आणि एक दिवस शून्य येतं. घटत्या शिलकीने उरलेल्यातून कमी करत जातात, त्यात शून्य कधी येतच नाही. तुला हे माहीत नाही? कसला रे प्राध्यापक तू." मग म्हणाली, "पिवळंच दे. पिवळं खरं आहे."

मी पिवळंच दिलं. समिती आली, चहा प्यायली, शीटा पाहिल्या आणि आमच्या विभागाचं तोंडभर कौतुक करून गेली. अकाउंट्सच्या निकालाचा तर खास उल्लेख झाला. मी पाटकरकडे पाहिलं, त्याने मान खाली घातली. त्याला दोष देऊन मी काय करू? त्याची नोकरी त्या चौकोनात होती. संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक झालेला.

"काय म्हणाले रे?"

मला नाटक करता येतं, पण तिच्याशी कधी जमलं नाही. "हिरवं केलं त्यांनी, उज्ज्वला."

"किती हिरवं?"

"भातशेतीसारखं."

ती हसली. हो, खरंच हसली, मला ऐकू आलं. मागे वॉर्डातल्या कसल्याशा यंत्राचा आवाज... आणि मग म्हणाली, "लाल राहिलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं रे, का म्हणून. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी. आता संपलं. आता त्या पोरांना कोणीच काही विचारणार नाही." मी म्हणालो, मी विचारेन. ती म्हणाली, "तू विचारतोस आणि उत्तरपण तूच देतोस." त्यानंतर तिचा फोन आला नाही, भावाचाच मेसेज आला.

मोहन्याला पुण्यानुमोदन, म्हणजे बौद्ध पद्धतीचा श्रद्धांजलीचा विधी झाला, त्याला मी गेलो होतो, त्याबद्दल मला लिहिता येणार नाही. कॉलेजातली शोकसभा नंतरच्या आठवड्यात झाली. तिघा विद्यार्थ्यांना बोलायला सांगितलेलं. पहिल्याने मोबाइलमधून वाचलं, "साळवे मॅम या केवळ शिक्षिका नव्हत्या, तर त्या एक दीपस्तंभ होत्या." दुसरीने वाचलं, "साळवे मॅम या केवळ प्राध्यापिका नव्हत्या, तर त्या एक दीपस्तंभ होत्या." सभागृहात थोडी चुळबुळ. तिसरा मुलगा ओंकार. त्याने माइक हातात घेतला, मोबाइलकडे पाहिलं, दीपस्तंभावर येऊन अडखळला आणि "थँक यू" म्हणून खाली उतरला. प्राचार्यांनी दोन मिनिटांची स्तब्धता पाळायला सांगितली. मी उभा होतो आणि मला ओरडावंसं वाटत होतं, की हीच ती शीट, हीच, आणि बघा किती हिरवी आहे.

ओंकारला मी जिन्यात गाठलं. तो पळायच्या बेतात होता. "सर, सॉरी. रात्री मोबाइलला विचारून काढलेलं. सगळ्यांनी त्याच्यातूनच काढलं."

"ते राहू दे. तुला मॅडमचं काय आठवतं?"

तो रेलिंगला टेकला. मी पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलं, आणि कसा कोण जाणे, बोललो नाही. माझ्यासारख्याला ते काय जड गेलं असेल, हे तुम्ही इथवर वाचलंय, तुम्हाला कळेल. खालून बसचे हॉर्न, वर्गातून बाकं सरकवल्याचा आवाज. तो बऱ्याच वेळाने म्हणाला, "त्या थांबायच्या, सर."

"म्हणजे?"

"म्हणजे प्रश्न विचारला ना, की थांबायच्या. आपल्याला नाही आलं तरी. बाकीचे लगेच पुढच्याला विचारतात. या नाही. अशा बघत बसायच्या, चिडायच्यापण नाहीत. लय ऑकवर्ड व्हायचं." तो हसला, मग त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "आता असं कोण थांबणार सर?"

मी त्याला तिच्या कोपऱ्यात घेऊन गेलो. तिची खुर्ची अजून कोणी हलवलेली नव्हती, भिंतीकडे तोंड करून तशीच होती. ती मी वळवून घेतली, त्याला समोर बसवलं आणि मोबाइल टेबलावर पालथा ठेवायला लावला. म्हणालो, घसारा म्हणजे काय, तुझ्या भाषेत सांग. त्याने तोंड उघडलं, मिटलं. टेबलाकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. उत्तर माझ्या जिभेवर होतं, रिक्षा, फ्रिज, सगळं होतं, आणि माझ्या शेजारी बसून ती आता पाय हलवत असणार असं मला वाटत राहिलं. घंटा झाली. दार उघडून पाटकर डोकावला, आम्हाला पाहिलं आणि दार लावून घेतलं.

"सर, मला नाही येत," ओंकार म्हणाला. "तुम्हाला लेक्चर असेल ना?"

"आहे," मी म्हणालो. "बस तू."

आम्ही बसलो.